पुढचे दोन्ही टायर आतून खाल्लेत, अलाइनमेंटचा रिपोर्ट मात्र हिरवा

बोरिवली_पूर्व

नमस्कार मंडळी. गाडी पेट्रोल हॅचबॅक, फ्रंट व्हील ड्राइव्ह, ५८,००० किमीच्या आसपास चाललेली. टायर १७५/६५ आर १४, हा दुसरा सेट, त्यावर साधारण २४,००० किमी झालेत. रोटेशन, म्हणजे टायरांची पुढे-मागे अदलाबदल, झालेलं नाही. रोज बोरिवली ते सीप्झ, म्हणजे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे आणि जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). अधूनमधून एक्स्प्रेसवेने पुणे.

डेप्थ गेजने घेतलेली मापं, मिलिमीटरमध्ये, आत – मध्य – बाहेर या क्रमाने:

पुढचा डावा: १.८ – ४.३ – ४.६
पुढचा उजवा: २.४ – ४.४ – ४.७
मागचे दोन्ही: ५.९ ते ६.१, सगळीकडे सारखे

हवा ३३ पीएसआय, सकाळी गाडी थंड असताना, दरवाजाजवळच्या स्टिकरप्रमाणे. गेल्या पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, केलं. दोन्ही प्रिंटआउटवर टो (चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळलीत) आणि कॅम्बर (चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती झुकलाय) हिरव्यात, म्हणजे मर्यादेत. सरळ रस्त्यावर गाडी कुठे ओढत नाही. पण स्पीडब्रेकरवरून उतरताना डावीकडून ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि जोरात ब्रेक मारला की नाक किंचित डावीकडे जातं.

एका दुकानात कॅम्बर बोल्ट टाकायला सांगितलं, दुसरीकडे टायरचा लॉटच खराब आहे म्हणाले, तिसऱ्याने नायट्रोजन सुचवला. सुरुवात कुठून करू? आणि या टायरांवर पुढचा पावसाळा निघेल का?

हायवे_सर्व्हिस_रोड

मुंबईतले रस्ते आता बरेचसे काँक्रीटचे झालेत. काँक्रीट टायर खातंच, त्यात फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे पुढचे आधी जाणार. ३३ जरा जास्त वाटतात, ३० करून बघा. राइडही मऊ होईल.

टायरॉड_एंड

काँक्रीटने झीज वाढते हे बरोबर, पण ती टायरच्या पूर्ण रुंदीवर वाढते. आतल्या कडेला १.८ आणि बाहेर ४.६ असा फरक कुठलाही रस्ता करत नाही. हवेचंही तसंच. हवा कमी असेल तर आतली-बाहेरची अशा दोन्ही कडा जातात, जास्त असेल तर मधला पट्टा जातो. इथे एकच कड गेली आहे, म्हणजे प्रश्न चाकाच्या कोनाचा आहे. हवा स्टिकरप्रमाणेच राहू द्या. ३० वर आणलीत तर चांगल्या राहिलेल्या बाहेरच्या कडाही झिजायला लागतील. नायट्रोजनने हवा जरा सावकाश उतरते, कोन बदलत नाही.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करा, ती फुकट आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवा म्हणजे टायरचा पुढचा भाग उघडा पडेल. तळहात ट्रेडवर, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागावर, आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेला रबराच्या कडा बोटांना टोचल्या तर ती टोची झीज. आतून बाहेर येताना टोचत असेल तर टो-इन जास्त, बाहेरून आत जाताना टोचत असेल तर टो-आउट. दोन्हीकडे सारखंच गुळगुळीत आणि तरीही आतली कड उतरलेली असेल तर कॅम्बरवर संशय घ्यायचा. आणि गोलाईवर हात फिरवताना खाली-वर चढउतार लागले तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग. तुमच्या वर्णनावरून ते दिसत नाही.

लोक कॅम्बरच्या मागे लागतात, पण टायर खरा खातो तो टो. तुमच्या टायरचा व्यास ५८३ मिमीच्या आसपास आहे. एकूण टो फक्त ३ मिमी चुकला तर प्रत्येक चाक सरळ रेषेपासून ०.१५ अंश वाकडं धावतं. ऐकायला क्षुल्लक, पण दर किलोमीटरला ते चाक सुमारे २.६ मीटर आडवं घासत जातं. ९४.५ किमीचा एक्स्प्रेसवे एकदा पार केलात की प्रत्येक टायर जवळपास पाव किलोमीटर आडवा फरफटलेला असतो. अंशभराच्या कॅम्बरने एवढं नुकसान व्हायला खूप जास्त किलोमीटर लागतात.

आता मुख्य मुद्दा. अलाइनमेंटचं मशीन गाडी उभी असताना मोजतं. लोअर आर्मचा (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) मागचा बुश (त्याच्या जोडातलं रबर) फाटला असेल तर उभ्या गाडीत आर्म जागेवर दिसतो, रिपोर्ट हिरवा येतो. ब्रेक दाबला की रस्ता चाकाला मागे ढकलतो, आर्म फाटक्या बुशमध्ये सरकतो आणि टायरॉड, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाला जाणारा दांडा, चाकाला वेगळ्याच कोनात धरतो. बहुतेक छोट्या गाड्यांत चाक तेव्हा बाहेर उघडतं, म्हणजे टो-आउट. हायवेच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक किती वेळा लागतो ते तुम्हाला माहीत आहेच. प्रत्येक वेळी आतली कड घासली जाते. ब्रेकला नाक डावीकडे, डावीकडूनच ‘टक्’ आणि डावाच टायर जास्त खाल्लेला. तिन्ही खुणा एकाच कोपऱ्याकडे बोट दाखवतात.

गाडी वर घेऊन हे बघा. जॅकवर घेतलीत तर सोबत स्टँड हवाच. नुसत्या डिकीतल्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवा: खेळ (सैलपणा) लागला तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे टायरॉडचा बाहेरचा किंवा आतला जोड. १२ आणि ६ वर धरून हलवा: खेळ लागला तर बॉलजॉइंट किंवा बेअरिंग. यातलं कुठलं ते ओळखायला दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉलजॉइंट. मग लोअर आर्मच्या मागच्या बुशजवळ, आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्यावर बसतो ती चौकट) मध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म पुढे-मागे दाबा. चांगला बुश थोडा दबतो आणि लगेच परत येतो. फाटलेला असेल तर रबरात चीर उघडते, आर्म सैल हलतो, आणि बऱ्याचदा शेजारी लोखंडावर घासून चकाकलेला डाग दिसतो. बॅटरी मारून तो डाग शोधा.

ॲलन_की

टायरॉड_एंड यांच्याशी सहमत. हिरव्या रिपोर्टवर इतक्यात विश्वास का ठेवू नये, तेवढं सांगतो.

प्रिंटआउटच्या वरच्या भागात गाडीचं मॉडेल आणि वर्ष असतं, ते आधी वाचा. घाईत शेजारचं मॉडेल निवडलं गेलं असेल तर ते ‘हिरवं’ दुसऱ्याच गाडीच्या मापांना हिरवं आहे. मग ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन रकाने बघा. दोन्ही वेळा ‘आधी’चा टो बिघडलेला आणि ‘नंतर’चा ठीक असेल, तर काहीतरी सैल आहे जे पुन्हा पुन्हा सरकतंय. ‘आधी’सुद्धा ठीकच होता आणि तरी टायर जातोय, तर वर सांगितलेला ब्रेकखालचा सरकणारा बुश.

मशीनवर गाडी चढवल्यावर पहिलं काम चारही चाकांची हवा बघणं आणि खेळ तपासणं. दुसरं, क्लॅम्प रिमवर बसवल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलून रनआउट, म्हणजे रिमच्या वाकडेपणाची चूक, काढणं. रिमची कड खड्ड्यात किंचित वाकली असेल आणि हे केलं नाही, तर मशीन वाकलेली रिम मोजतं, चाकाचा कोन नाही. तुम्ही शेजारी उभे असाल तर गाडी ढकलली का, एवढं पाहणं पुरे. तिसरं, स्टिअरिंग मध्यावर लॉक करून दोन्ही टायरॉड फिरवणं. एकाच बाजूचा टायरॉड फिरवून एकूण टो बसवता येतो, पण मग सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं राहतं.

कॅम्बर बोल्टबद्दल. बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असतो आणि कॅम्बर कंपनीकडून ॲडजस्टेबल नसतो. ॲडजस्ट होतो तो फक्त टो. कॅम्बर बोल्ट म्हणजे बारीक दांड्याचा बोल्ट, त्याने अंश-दीड अंश इकडेतिकडे करता येतं. कॅम्बर खरंच चुकलेला असेल तर आधी तो कशाने चुकला हे शोधायला हवं, कारण काहीतरी वाकलेलं आहे. रिपोर्टवर एसएआय, म्हणजे स्टिअरिंगच्या कण्याचा झुकाव, छापलेला असेल तर तो डाव्या-उजव्या बाजूला ताडून बघा. कॅम्बर चुकलेला आणि एसएआय दोन्हीकडे सारखा, तर स्ट्रट किंवा नकल (हब ज्यावर बसतो तो भाग) वाकलेला. कॅम्बर आणि एसएआय यांची बेरीज दोन्ही बाजूंना सारखी पण दोन्ही आकडे वेगवेगळे, तर सबफ्रेम, लोअर आर्म किंवा स्ट्रटचा माथा सरकलेला. वाकलेल्या स्ट्रटवर कॅम्बर बोल्ट टाकला की आकडा हिरवा होतो आणि वाकलेला भाग तसाच राहतो. कॅम्बर हिरव्यात असताना तो बोल्ट विकणं तर चूकच.

शेवटचं, गाडीची उंची. सपाट जागी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्या, डावीकडे आणि उजवीकडे. १० मिमीहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलेली किंवा मोडलेली असू शकते. उंची उतरली की कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात.

चेंबूर_नाका

मशीनवर जाण्याआधी टो घरीच मोजायचा असेल तर टेप आणि खडू पुरतात. पुढच्या दोन्ही टायरांच्या मागच्या बाजूला, हबच्या उंचीवर, ट्रेडच्या मध्यावर एकेक खूण करा आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. आता गाडी हाताने पुढे ढकला, त्याच खुणा अर्धा फेरा फिरून समोर हबच्या उंचीला येईपर्यंत, आणि पुन्हा मोजा. पुढचं अंतर कमी तर टो-इन, जास्त तर टो-आउट. तीच खूण दोन्ही वेळा वापरायची म्हणजे टायरचा स्वतःचा वाकडेपणा मापात येत नाही. ढकलताना मागे घेऊ नका, फक्त पुढे. मागे घेतल्यावर जोडांमधला खेळ उलट बाजूला जातो. बहुतेक छोट्या गाड्यांचा टो शून्याच्या आसपास, एक-दोन मिमीच्या आत असतो; नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा घ्या.

पार्किंगकडेही लक्ष असू द्या. सोसायटीत जागा अरुंद म्हणून पुढचं चाक फुटपाथच्या दगडाला टेकवून, स्टिअरिंग वळलेल्या अवस्थेत गाडी लावली जाते. रोज तसा दाब पडला की टायरॉड आणि रॅक एंडचे जोड लवकर सैल होतात.

बोरिवली_पूर्व

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. तपासून आलो.

तळहात बाहेरून आत नेताना दोन्ही टायरांवर टोचतं, डाव्यावर स्पष्ट. दोन्ही प्रिंटआउटवर मॉडेल बरोबर आहे, ‘आधी’चा टोही जवळजवळ ठीकच होता. उंचीत फरक ३ मिमी. ९–३ वर खेळ नाही, १२–६ वरही नाही. टॉमी लावल्यावर डाव्या लोअर आर्मचा मागचा बुश उघडाच पडला. रबर आतल्या नळीपासून अर्ध्याहून जास्त सुटलेलं आहे आणि आर्मच्या कडेला चकाकलेला डाग आहे. उजव्याला बारीक चिरा आहेत, पण हलत नाही.

आता नुसता बुश बदलू की पूर्ण आर्म? कुर्ल्याला सीएसटी रोडवर वापरलेले आर्म मिळतात असं कळलं.

टायरॉड_एंड

वापरलेला आर्म घेऊ नका. बुश रबराचा आहे, रबराचं वय दिसत नाही, आणि आधीची गाडी ठोकलेली असेल तर आर्म किंचित वाकलेला असू शकतो. ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही, नंतर मशीनवर कळतं.

तुमच्या गाडीच्या आर्ममध्ये बॉलजॉइंट कायमचा बसवलेला असेल तर ५८,००० किमीनंतर नवा पूर्ण आर्म घेणं जास्त बरं. दोन्ही बुश आणि बॉलजॉइंट एकदम नवे होतात. बुश सुटा मिळत असेल आणि बॉलजॉइंट घट्ट असेल, तर नुसता बुशही चालेल, पण तो हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घ्या. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका बसतो. मागच्या बुशमध्ये रबराला पोकळ्या असतात आणि त्या ठरावीक दिशेलाच हव्या असतात. बुशवरची खूण आर्मवरच्या खुणेशी जुळवतात. जुना काढण्याआधी फोटो काढून ठेवा. उजव्याला चिरा आल्यात, म्हणजे त्याचाही नंबर लागलाच आहे. दोन्ही बाजू एकदमच करा, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातील.

आता जे बहुतेक ठिकाणी चुकतं ते. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात. त्याच अवस्थेत बुशचे बोल्ट पूर्ण आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी जमिनीवर उतरली की रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची किंवा हबखाली जॅक देऊन वजन घ्यायचं, आणि मगच टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळायचे. मेकॅनिकला हे काम सुरू करण्याआधी सांगा, नंतर नाही. सेल्फ-लॉकिंग नट पुन्हा वापरू नका, नवे लावा.

त्यानंतर गाडी थोडी फिरवा, दोन-चार स्पीडब्रेकर घ्या म्हणजे सगळं आपल्या जागी बसेल, आणि मग अलाइनमेंट. आर्म बदलून लगेच मशीनवर चढवू नका.

हायवे_सर्व्हिस_रोड

काँक्रीटबद्दलचा माझा अंदाज इथे लागू होत नव्हता, पटलं. पण मग पुढचे हे टायर रिमवर उलटे करून, आतली कड बाहेर घेऊन चालवता येतील ना? बाहेर ४.६ उरलेत.

ॲलन_की

तसं करतात, पण झीज लवकर पकडली तरच. टायर असिमेट्रिक नसावा, म्हणजे साइडवॉलवर बाहेरची बाजू अशी खूण नसावी. दिशेचा बाण असेल तर उलटवल्यावर चाक गाडीच्या दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. इथे मात्र ती वेळ गेली आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिमी, त्याच उंचीवर खाचांच्या तळाशी ट्रेड वेअर इंडिकेटरचे उंचवटे असतात. डाव्याला १.८ उरलेत आणि तेही खाचेत मोजलेले. खाचेच्या पलीकडचा अगदी आतला खांदा त्याहून जास्त गेलेला असतो. तो खांदा स्टिअरिंग वळवून नीट बघा. कापडाचे किंवा तारेचे धागे दिसले तर गाडी आजपासून उभी करा, एक्स्प्रेसवे तर नाहीच.

पावसाळ्याचं उत्तर स्पष्ट आहे: या दोन टायरांवर काढू नका. पाण्याचा थर कापून बाहेर टाकायचं काम खाचा करतात. आतली खाच बुजली की टायरचा तेवढा भाग पाण्यावर तरंगायला लागतो. पावसासाठी ३ मिमीच्या खाली आले की लगेच टायर बदलायला काढावेत.

चेंबूर_नाका

दोन नवे घेतले तर ते पुढेच बसवा. इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे.

ॲलन_की

उलट आहे, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. नवे टायर मागे बसवायचे. टायर कंपन्याही हेच सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी वळत नाही, सरळ जाते, ॲक्सिलरेटर सोडला की बरीचशी सावरते. मागची घसरली तर गाडी गर्रकन फिरते आणि सामान्य ड्रायव्हरला ती सावरता येत नाही. इथे मागचे टायर ६ मिमीचे आणि सारखे झिजलेले आहेत, ते पुढे न्या, नवे मागे.

बोरिवली_पूर्व, घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३१२५ म्हणजे २०२५ सालचा ३१वा आठवडा. दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे आणि जवळच्या आठवड्यांतले घ्या. बसवताना व्हॉल्व्हही नवे घाला.

बोरिवली_पूर्व

आर्मची जोडी सांगितली आहे, बोल्टचं वजनावर आवळणं मेकॅनिकला आधीच सांगून ठेवलं आहे. डाव्या टायरच्या आतल्या खांद्यावर धागे दिसत नाहीत, पण रबर पार गुळगुळीत झालंय, त्यामुळे तोवर गाडी काढत नाही. दोन शंका. स्टेपनी पूर्ण मापाची आहे, कधीच वापरलेली नाही. तीही धरून एकच नवा टायर घेऊ का? आणि पुढे रोटेशन कसं करू?

टायरॉड_एंड

स्टेपनीवरचे चार आकडे बघा. गाडीबरोबर आलेली असेल तर ती गाडीइतकीच जुनी आहे. ट्रेड नवा असला तरी रबर कडक झालेलं असतं. एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक जुना नको. ती स्टेपनीच राहू द्या, हवा महिन्यातून एकदा बघा.

रोटेशन ८,००० ते १०,००० किमीला. पुढचे सरळ मागे, मागचे तिरपे पुढे: मागचा डावा पुढे उजवीकडे, मागचा उजवा पुढे डावीकडे. दिशेचा बाण असलेला टायर बाजू बदलत नाही, तो फक्त पुढे-मागे होतो. एकच लक्षात ठेवा, पुढच्या-मागच्या ट्रेडमध्ये आतासारखा मोठा फरक असेपर्यंत रोटेशन करू नका, जास्त ट्रेडचे मागेच राहू द्या. चारही टायरांचा ट्रेड जवळपास सारखा असेल तेव्हाच सुरू करा.

अलाइनमेंट झाल्यावर पुढच्या टायरांची आत – मध्य – बाहेर अशी तीनही मापं त्याच दिवशी लिहून ठेवा, प्रत्येक टायरच्या गोलाईवर तीन ठिकाणी. ३,००० किमीनंतर पुन्हा घ्या. आतली कड बाहेरच्यापेक्षा ठळकपणे जास्त उतरलेली दिसली तर रॅक एंड आणि मागच्या बीमचा टो तपासायचा. त्याआधी तळहात फिरवूनही कळेल, नव्या टोचणाऱ्या कडा हजारभर किलोमीटरमध्ये तयार होतात.